एवढी बॅटरी जाती कुठं?

१ डिसेंबर

साखरपुडा झाला. अंगठी सैल निघाली, मायने तिला आतून दोरा गुंडाळून दिला. मोबाईल मात्र हातात बराबर बसला.

आमच्या कुंभार पिंपळगावात आता नवरदेवाने साखरपुड्यात नवरीला मोबाईल द्यायचा रिवाज पडला आहे. साडी कशी आहे, कुणी विचारत नाही. "कोणता दिला?" हेच विचारतात. गल्लीतल्या मावशीने तो हातावर घेऊन कांदे जोखावेत तसा जोखला आणि "जड हाय, चांगलं घर हाय" असा निकाल दिला. या हिशेबाने मागच्या साली अक्षताला हलकं घर मिळालं. अक्षता माझ्या वर्गातली, लग्नही गावातच झालं, म्हणून अजून शेजारीच आहे. तिचा साखरपुड्याचा मोबाईल हल्ली तिची सासू वापरते.

आदिनाथ मंठ्याचा. तिथं त्यांचं मोटारींचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी विकतात, जळालेल्या भरून देतात. पंगत चालू होती तेव्हा तो मांडवामागे खुर्ची टाकून बसला आणि माझा मोबाईल चालू करून दिला. ईमेल त्याने स्वतःचाच टाकला. म्हणाला, "तू पासवर्ड विसरशील." खरंच आहे, मी विसरलेच असते.

स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात एक बारकी हिरवी छत्री दिसते. पावसाचा अंदाज असेल. आमच्या भागात त्याचा काय उपयोग, पण फुकट आहे तर राहू दे.

४ डिसेंबर

रात्री नऊला त्याचा फोन आला. मी केस विंचरून बसले होते, जसा काही तो फोनातून बघणार होता. पहिलं वाक्य काय बोलेल याचा दिवसभर विचार केला होता. तो म्हणाला, "बॅटरी हेल्थ किती दाखवती?"

मग त्यानेच समजावून सांगितलं. बॅटरीची रोजची टक्केवारी वेगळी आणि तब्येत वेगळी. तब्येत नव्या मोबाईलची शंभर असते आणि ती एकदा खाली आली की परत वर चढत नाही. ऐंशीच्या वर चार्ज करायचं नाही, वीसच्या खाली जाऊ द्यायचं नाही, उन्हात ठेवायचा नाही. मी सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. शंभर. "छान," तो म्हणाला, आणि मला उगाच पहिल्या नंबरात पास झाल्यासारखं वाटलं.

याआधी तिघे बघून गेले. एकाने पुरणपोळी येते का विचारलं, एकाने उंची मोजायला भिंतीला उभं केलं, तिसऱ्याच्या आईने माझे दात बघितले. त्यांच्यापेक्षा बॅटरी विचारणारा बरा.

१९ डिसेंबर

माझ्या आरीच्या भरतकामाला जोर आला आहे. लग्नसराईत प्रत्येकीला ब्लाउजवर मोर पाहिजे. मी लाकडी रिंगेत कापड ताणते, मोबाईल डब्याला टेकवते, नवीन नमुन्याचा व्हिडिओ लावते आणि सुई चालवते. आधी मायच्या मोबाईलवर बघायचे. त्याची काच एवढी फुटलेली की मोराला दोन माना दिसायच्या.

आज मणी संपले म्हणून घनसावंगीला गेले. कुणालाच सांगितलं नव्हतं, मायला वाटलं मी अक्षताकडे आहे. रात्री आदिनाथ म्हणाला, "घनसावंगीत गर्दी होती का आज?" माझ्या अंगावर काटाच आला. मी विचारलं, "अहो, तुम्हाला कसं कळलं?" तो हसला आणि म्हणाला, "मन जुळलं की कळतं."

अक्षताला सांगितलं तर ती म्हैस पिळता पिळता म्हणाली, "आमच्या ह्यांचं मन जुळून राह्यलं न्हाई मंग. मी म्हशीपाशी बसले का मेले, त्यांना पत्ता लागत न्हाई." जळते. जळू दे.

११ जानेवारी

नव्व्याण्णव!

सकाळी बघितलं तर नव्व्याण्णव. चहा गार झाला. काय केलं मी असं? रोज बघते, ऐंशी झाले की पिन काढते. घरात चौकशी बसवली. बापू मोसंबीचे भाव बघतात आणि भाव बघून झाले की कुस्त्या बघतात. माय कीर्तन लावून भाकरी थापते. कीर्तनकार अर्धा तास बोलतो, माय तीन भाकऱ्या करते, मोबाईल चुलीजवळ तापत बसतो. मी दोघांनाही झापलं. बापू म्हणाले, "येक टक्काच गेला ना? माझ्या गुडघ्याचे चाळीस गेलेत, मला कुणी इचारत न्हाई."

त्यांना नाही कळायचं. ही वस्तू अजून आपली नाही. लग्न होईपर्यंत ती त्यांचीच आहे. लग्न मोडलं तर खोक्यासकट परत द्यावी लागते, तशीच्या तशी. मला मोडायची भीती नाही, पण मला वाटतं की त्याने वस्तू दिली आणि ती मी नीट सांभाळली, असं झालं पाहिजे.

१२ जानेवारी

नऊला फोन. मी शंभर म्हणाले. तो लगेच म्हणाला, "खोटं कशाला बोलती? नव्व्याण्णव हाय."

मला लाज वाटली आणि तेवढाच आनंदही झाला. माझ्या आवाजावरून त्याला आकडा कळतो. बापूंना लग्नाला तीस वर्षं होऊन मायच्या आवाजावरून स्वयंपाक झाला का तेसुद्धा कळत नाही.

२ फेब्रुवारी

अठ्ठ्याण्णव. आता घरात बॅटरीची पाळी लावली आहे, शेताला पाण्याची असते तशी. लाईट आली की बापू पिन लावतात, दूध तापवताना माय काढते, मी लक्ष ठेवते. कीर्तन मायच्या फुटक्या मोबाईलवर गेलं. कुस्त्या बंद झाल्या. बापू दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तरी उतरतेच आहे. अक्षताच्या सासूने सांगितलं, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेव. मी तसं करणार होते, पण बापूंनी हातातून काढून घेतला.

शेवटी मायने मोबाईलची दृष्ट काढली. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या. पाटावर मोबाईल ठेवला, त्याला हळदकुंकू लावायला निघाली होती, ते मी थांबवलं. मिरच्या चुलीत टाकल्या तर कुणालाच ठसका लागला नाही. माय छातीवर हात ठेवून म्हणाली, "बघ! लई वाईट नजर हाय कोणाची तरी. चोवीस घंटे बघून राह्यलं कोणी तरी याच्याकडं." आमची माय म्हणजे बाई कमाल आहे.

रात्री हे आदिनाथला हसत हसत सांगितलं. तो हसला नाही.

२० फेब्रुवारी

तो म्हणाला, "मी रोज घंटाभर बोलतो तुझ्यासंगं. एवढ्यानं बॅटरी उतरत न्हाई. बाकीची कुठं जाती?" मी आरीच्या व्हिडिओंचं सांगितलं. तो म्हणाला, "आणि दुपारी तो फोन आल्ता, तो?"

तो फोन धोंड्याच्या वाडीच्या एका बाईच्या नवऱ्याचा होता. ब्लाउज झाला का विचारत होता, बायको बाळंतपणाला गेली आहे म्हणून. दोन मिनिटं बोलला, त्यातलं दीड मिनिट हुकांबद्दल. हे सगळं सांगितल्यावर आदिनाथ म्हणाला, "बाईमाणसानं बाईमाणसाचे फोन घ्यावे." मी हो म्हणाले. मोटारवाल्याला हुकांचं काय कळणार?

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, दुपारच्या फोनाचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. की सांगितलं होतं? हल्ली इतकं बोलतो आम्ही, कोण काय बोललं ध्यानात राहत नाही.

५ मार्च

मोठी युक्ती केली होती. दिवसभर इंटरनेट बंद ठेवलं, मोबाईल कपाटात साडीच्या घडीत. बॅटरीला एक दिवस आराम. पोळ्याला बैलाला देतो, मग हिला का नको?

दुपारी मी ओट्यावर मोराचं शेपूट भरत होते तर दारात मोटारसायकल. आदिनाथ! मंठ्याहून, एवढ्या उन्हात, दुकान सोडून. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मला वाटलं त्याच्या घरी काही वाईट झालं. तो म्हणाला, "मोबाईल कुठंय?" मी आणून दिला. त्याने इंटरनेट चालू केलं, काहीतरी बघितलं, परत दिला. "बंद करत जाऊ नको. माझा जीव वर आल्ता."

एका दिवसात जीव वर येतो! मी तर विरघळलेच. बापू म्हणाले, "जावईबापू, पाणी तरी घ्या." तो पाणी न घेता निघून गेला.

बापू बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "वीस वर्षं झाली मोटार वापरून राह्यलो. जळल्यावर मंठ्याला निरोप धाडला तर तिसऱ्या दिवशी यायचे त्याचे वडील. हा फोन बंद पडल्यावर दोन घंट्यांत आला." मी म्हणाले, "बापू, याला प्रेम म्हणतात." बापू म्हणाले, "असंल."

२३ मार्च

शहाण्णव. मी नवीन ब्लाउज घेणं बंद केलं. आज दोघींना परत पाठवलं. एकीच्या मुलीचं लग्न मे महिन्यात आहे, ती तोंडावर बोलून गेली, "आत्तापासूनच मंठ्याची झाली का?" रिंग भिंतीला टांगून ठेवली. ती बघितली की बरं वाटत नाही म्हणून वरून टॉवेल टाकला.

सासूबाईंचा, म्हणजे उषाबाईंचाही फोन आला होता. त्या आधी माझी चौकशी करत नाहीत, आधी मोबाईलची करतात. "आदिनाथ सांगत होता, पार खाली आणलं म्हणं तू. आमच्या घरात वस्तू लई जपून वापरतेत." त्यांच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यावर अजून प्लास्टिक आहे, ते मी बघितलं आहे. बसलं की करकर वाजतं.

खरं लिहायचं तर मला रात्री नऊ वाजायची भीती वाटायला लागली आहे. पूर्वी केस विंचरून बसायचे, आता सेटिंग उघडून बसते. पण सगळ्यांचंच असं असेल. नवीन नवीन आहे म्हणून.

१८ एप्रिल

आज जे झालं ते सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या लोक सांगतील तेच मला खरं वाटेल.

बस्त्याला जालन्याला गेलो. दोन्हीकडची माणसं मिळून लग्नाचे कपडे घ्यायचे. आमच्याकडून बापू, माय, मी आणि अक्षता. त्यांच्याकडून आदिनाथ, उषाबाई आणि गाडीत मावतील तेवढे. कापडाच्या दुकानात वरच्या मजल्यावर पांढऱ्या गाद्या, दुकानदार साड्या उलगडून आमच्या अंगावर फेकत होता. उषाबाई प्रत्येक साडीचा काठ चिमटीत धरून "पुढं" म्हणत होत्या. माझा शालू आवडला तेव्हाही त्या त्यालाच विचारत होत्या, "आदि, आवडला का तुला?"

नवरदेवाच्या कोटाचं कापड बापूंकडून होतं. दुकानदाराने मापलं, कात्री घेतली. तेवढ्यात आदिनाथने माझा मोबाईल उचलला. नेहमीसारखंच, न विचारता.

"पंच्याण्णव," तो म्हणाला. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "साडेचार महिन्यांत पाच टक्के. मी घंटाभर बोलतो. आरीचं काम सोडलं म्हणती. मंग एवढी बॅटरी जाती कुठं?"

उषाबाई साडी खाली ठेवून म्हणाल्या, "बोल की, पोरी. आमच्यापासून काय लपवायचंय?"

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. माय पदराचं टोक चावत होती. माझे कान तापले. मी खरंच आठवत होते, कुठे गेली असेल, काय केलं मी. शपथेवर लिहिते, तोपर्यंत मी स्वतःलाच दोष देत होते.

"वापराचं पान काढ," आदिनाथ म्हणाला. "कशात किती गेली ते बॅटरीच्या सेटिंगमध्ये असतं. वाच सगळ्यांसमोर."

त्याला वाटलं वर फोन असेल, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप. मी पान काढलं. सगळ्यात वर हिरवी छत्री. त्याखाली नाव, "परिवार छत्री". दिवसभरातली निम्मी बॅटरी तिनेच खाल्ली होती. यूट्यूब पार खाली, फोन त्याच्याही खाली.

मी मोठ्याने वाचलं. मला अजून काही कळलेलं नव्हतं. म्हणाले, "हे पावसाचं हाय ना? पाऊस एवढी बॅटरी खातो?"

अक्षताने मोबाईल घेतला आणि छत्रीवर बोट ठेवलं. नकाशा उघडला. जालना, कापडबाजार, तिथं एक निळा ठिपका. खाली माझं नाव. त्याखाली, "पाहणारे : आदिनाथ". तिने मागे सरकवलं. कालचा रस्ता, परवाचा रस्ता. आमच्या घरापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून देवळापर्यंत. कुणाचा फोन आला, किती वेळ बोलले. आज सकाळी मोबाईल किती टक्के चार्ज होता आणि बॅटरीची तब्येत किती, तेसुद्धा.

"अगं बाई," अक्षता म्हणाली, "आमच्या गोठ्यात तू परवा किती वेळ बसल्ती, तेबी हाय."

घनसावंगी. नव्व्याण्णव. दुपारचा फोन. माझ्या डोक्यात एकेक पडत गेलं. मन जुळलंय म्हणून मी अख्ख्या गल्लीत सांगत फिरले होते. इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, आणि दुसऱ्या घटकेला इतका राग आला की लाज मावळलीच.

"काळजीपोटी टाकलं," आदिनाथ म्हणाला. "आजकाल दिवस कसे हायेत!"

"तुमच्याच छत्रीनं बॅटरी गेली," मी म्हणाले. "आणि तुम्ही मला चोर ठरवून राह्यले?"

"बॅटरीचं सोड," तो म्हणाला. "लपवायचं न्हाई तर तुला तरास काय होतो?"

बॅटरीचं सोड! साडेचार महिने घरात कुस्त्या बंद, कीर्तन बंद, माझी रिंग टॉवेलाखाली, आणि आता बॅटरीचं सोड. उषाबाई समजुतीने म्हणाल्या, "लेकरू जीव लावतंय, पोरी. लग्न झाल्यावर काढून टाकंल."

"न्हाई," आदिनाथ म्हणाला. "काढायचं कशाला?"

हे मात्र तो अगदी खरं बोलला. त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

बापू माझ्याकडे वळले. "साधना, तुझं काय म्हणणं हाय?"

मला वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. ओढणीची सेफ्टी पिन काढली, मोबाईलच्या कडेच्या भोकात खुपसली, माझं सिम काढून घेतलं. मोबाईल आदिनाथच्या हातावर ठेवला. "मला हे लग्न न्हाई करायचं. पंच्याण्णव हाय, बघून घ्या."

दुकानदार कोटाच्या कापडावर कात्री धरून तसाच बसला होता. बापूंनी त्याला विचारलं, "शेठ, फाडलेलं कापड तुम्ही परत घेता का?"

"न्हाई दादा."

"मंग ऱ्हाऊ द्या. फाडू नका."

आम्ही खाली उतरलो. मायची एक चप्पल घाईत वरच राहिली. ती आणायला कुणीच तयार होईना, शेवटी अक्षता गेली आणि तेवढ्यात उषाबाईंना रामराम घालून आली.

२२ एप्रिल

माय बोलत नाही. स्वयंपाक करते, ताट आपटते. काल म्हणाली, "चौथा हाय हा. आता पाचवा कुठून आणू? आणि कारण काय सांगू लोकांना, बॅटरी?" अर्धं गाव खरंच तेच सांगतं आहे, पिंपळगावच्या पोरीने बॅटरीवरून लग्न मोडलं. मावशीने मोबाईल जड होता याची पुन्हा आठवण करून दिली.

अंगठी आणि खोकं बापू मंठ्याला जाऊन देऊन आले. अंगठीतला दोरा मात्र मायने आधी काढून घेतला.

रात्री नऊला हात आपोआप मोबाईलकडे जातो आणि तिथं काही नसतं. वाईट वाटतं. लिहायला लाज कशाची, वाटतंच. कुणीतरी रोज एका वेळेला माझी आठवण काढायचं, तसं पुन्हा कोण काढेल? मध्येच वाटतं, खरंच काळजी असेल त्याची. मग आठवतं, तो घामाघूम होऊन आला होता तेव्हा त्याने मला कशी आहेस विचारलंच नव्हतं. मोबाईल कुठंय, एवढंच विचारलं.

२६ एप्रिल

रिंग काढली. मुलीचं लग्न आता पंधरवड्यावर आलेली ती बाई परत आली, तोंड वाकडं करून का होईना. मायच्या फुटक्या मोबाईलवर नमुना बघते. मोराला परत दोन माना दिसतात. एक मी अंदाजाने सोडून देते.

माझं झालं की बापू त्यावरच कुस्त्या बघतात. मोबाईल किती टक्के आहे ते आम्हाला दोघांनाही माहीत नसतं. बंद पडला की कळतं.

३ मे

आज एकटी परतूरला जाऊन आले. सकाळच्या गाडीने गेले, उन्हं उतरल्यावर परत आले. माय म्हणाली, "कुठं गेल्ती?" मी म्हणाले, "परतूरला." ती म्हणाली, "कशाला?" मी म्हणाले, "काम होतं." तिने पुढे विचारलं नाही. ताटात दोन भाकऱ्या वाढल्या.

तिथं कुठं कुठं फिरले, काय बघितलं, कुठं बसून चहा घेतला आणि कुणाशी दोन शब्द बोलले, ते सगळं लिहायचं म्हणून आत्ता वही घेतली होती. पण नको. ते इथंही लिहीत नाही.